रडणारी धवलारीण

"शोभे, आई गेली," एवढंच माझा आतेभाऊ जनूदादा फोनवर म्हणाला आणि हुंदके देऊ लागला. त्याची समजूत काढायचं राहिलं बाजूला, मला आधी आला तो राग. वाशिंदहून निघून डोळखांबच्या पुढे आत्याच्या पाड्यावर पोचले, तर अंगणात बायांची दाटी. हौसाआत्याचं रडणं ज्यांना दोन वर्षं खपलं नव्हतं, त्याच आता मोकळ्या गळ्यानं रडत होत्या... महिना होत आला, पण माझा राग अजून उतरलेला नाही.

हौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि धवलारीण. आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. मांडवात ती आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत किती घरांची नावं आत्याला पाठ होती! एकही नाव राहिलेलं तिला चालायचं नाही. "जित्या मानसाची समजूत काढता येते गो," ती म्हणायची, "मेलेला रुसला तं काय करशील?" मध्येच नवरदेवाची अशी काही फिरकी घ्यायची, की बिचारा मुंडावळ्यांत तोंड लपवायचा.

मग तिच्या अंगावरून वारं गेलं. हात सुधारला, बोलणं सुधारलं, रडू मात्र मागे राहिलं. चहा पुढे केला तरी रडू, कुणी "बरी आहेस ना?" विचारलं तरी रडू. आणि रडता रडताच ती सांगायची, "मी नाय गो रडत, ह्ये तोंड रडतंय." पहिल्या डॉक्टरांनी ठरवलं, बाई उदास आहेत. पाड्यानं ठरवलं, बाहेरचं काहीतरी आहे. तिला मात्र कुणी विचारलं नाही. शेवटी मीच तिला कल्याणला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं, की भावना उठतात मेंदूच्या पुढच्या भागांत, पण रडताना चेहरा, श्वास, गळा चालवतो तो मानेच्या वरचा मेंदूचा बुंधा. वरून खाली येणाऱ्या वाटांना अर्धांगाच्या झटक्यात इजा झाली, त्यामुळे खालच्यावर वरचा ताबा राहिला नाही. मनात दुःख नसलं तरी रडू फुटतं.

"म्हंजे बांध फुटलाय," आत्या म्हणाली. "वरच्या खाचरातनं कोनी सोडला नाय तरी पानी खाली येतंय."

डॉक्टर हसले. तीही हसायला गेली, आणि रडली. गोळ्यांनी रडू कमी झालं, थांबलं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. हेच सगळं मी पाड्यावर घरोघरी सांगितलं, कागदावर मेंदू काढून दाखवला. पालथ्या घड्यावर पाणी! मांडवात धवलारीण रडली म्हणजे अपशकुन, झालं. तिला लग्नाची बोलावणी येईनाशी झाली. तेही तिनं गिळलं, कारण तिचा जीव अडकला होता तो नातीच्या, अश्विनीच्या लग्नात. ते ठरलं, तेव्हा तिचा स्वतःचा मुलगा तिला म्हणाला, "आई, तू आतमधी बस. त्यांची मानसा काय म्हनतील?"

"मग नावा कोन घेल?" तिनं एवढंच विचारलं.

मी दादाशी कडाकडा भांडले. "अरे, इजा मेंदूला झाली आहे, मनाला नाही!"

"तुला ठावं हाय, मलापन ठावं हाय," तो म्हणाला. "मांडवाला ठावं हाय का?"



त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून आत्या म्हणाली, "धर तो मोबाइल." आणि गायली. आवाज पूर्वीचाच, खणखणीत, फक्त मधूनमधून हुंदके. सासऱ्यांचं नाव घेतलं, सासूचं, धाकट्या दिराचं. शेवटी नवऱ्याचं, जे ती एरवी कधीच घेत नसे. मग एक लांब हुंदका आला... तो ओसरेपर्यंत थांबली, मला म्हणाली, "झाली नावा. ह्याच्यापुढं कोन नाय," आणि पुढची ओळ उचलली.

लग्नाआधीच दुसऱ्या झटक्यानं ती गेली. लग्न पुढे ढकललं. परवा दादाचा फोन आला. "शोभे, तुज्याकडं आईचा गाना हाय ना? मांडवात लावू. डीजेवाला बोलला, रडना कापून देतो."

मी फोन ठेवला आणि ते गाणं लावलं. सासरे आले, सासू आली, दीर, मग नवरा. आणि मग तो लांब हुंदका. तो कापायचा म्हणतात, पण आता आत्याचं नाव यायला हवं ते नेमकं तिथेच. गाणं देईन ते हुंदक्यासकट, असं मी दादाला कळवलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.