गेटवहीतली सही

भव्या कायद्याच्या पाचव्या वर्षाला असताना तिला म्हैसूरमधल्या एका वकिली फर्ममध्ये सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. आधी ऑनलाइन परीक्षा, मग मुलाखत, मग चार जणांची यादी. चौघांपैकी एकालाच पुढे कायम घेणार, हे पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

घरी कळलं तेव्हा आईनं, कुसुमावतीनं, गसगशीचं, म्हणजे खसखशीचं, पायस केलं. वडील फत्तेसिंगराव दोन वाट्या प्यायले. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते म्हणे. नाव तेवढं त्या थाटाचं राहिलं होतं. ते स्वतः कडकोळच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पॅकिंगच्या यंत्रावर होते. वर्षापूर्वी शिफ्टच्या वेळा बदलल्यावर अकरा जणांनी तक्रार केली. कंपनी म्हणाली, हे अकरा जण तीन दिवस आपणहून कामावर आलेच नाहीत. आणि त्यांना काढून टाकलं. तेव्हापासून लेबर कोर्टात तारखा पडत होत्या. मधल्या काळात फत्तेसिंगराव बोगादीत घराजवळ एका उदबत्तीच्या गोदामात कामाला जात होते. संध्याकाळी घरी आले की अंगाला चंदनाचा वास यायचा आणि ते आधी अंघोळ करायचे.

फर्ममध्ये भव्याला शिकवायला प्राणेश सर होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. "कायदा नंतर," ते कन्नडमध्ये सांगायचे, "आधी तारखा. कोणी केव्हा काय केलं ते एका कागदावर मांडा. निम्मा खटला तिथेच दिसतो." भव्याला हे काम जमायचं. बाकीचे तिघं निकालपत्रं शोधण्यात हुशार होते. ती तारखा मांडण्यात.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी तिला नवीन पक्षकाराचे स्कॅन केलेले कागद दिले. दीडशे पानं. कंपनीचं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. कारखाना सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्यांनी विकत घेऊन नाव बदललं होतं, हे तिला नंतर कळलं. पक्षकारांच्या नावांचं पान न वाचताच उलटून ती थेट तारखांना लागली आणि ओळीनं टिपत गेली. नोटीस, नोटिशीचं उत्तर, शिफ्टचा तक्ता. मग गेटवरच्या हजेरीवहीची पानं आली. बारा जूनच्या पानावर सकाळी पावणेसहाला आत आलेल्या पाच कामगारांच्या सह्या होत्या. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणीच आलं नव्हतं. तिनं टाइप केलं, "बारा जून, पाच कामगार हजर, पान त्र्याऐंशी." ओळ पूर्ण झाल्यावर तिनं चौथी सही पाहिली. शेवटचं अक्षर लांब ओढून खाली रेघ मारलेली. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर अशीच सही असायची.

तिनं फाइल सेव्ह केली आणि सरांच्या खोलीत गेली.

"सर, या प्रकरणात माझे वडील आहेत. समोरच्या बाजूला."

"कुठल्या पानावर?"

"त्र्याऐंशी."

सरांनी पान उघडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "किती वाचलंस?"

"त्या पानापर्यंत सगळं."

"येऊन सांगितलंस, चांगलं केलंस. आता ही फाइल तुझ्याकडे नाही. आणि यात जे वाचलंस ते बाहेर बोलायचं नाही. घरीही नाही. आमच्याकडे काम आहे एवढं सांग, ते काही लपून राहत नाही. आतलं नाही. समजलं ना?"

"हो सर."

ती वही कोर्टात दाखल होणार का, हे तिनं विचारलं नाही. तासाभरात तिला भाडेकराराचं काम मिळालं. दुपारी तिनं डब्यातलं चित्रान्न सगळं संपवलं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही.

त्या संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, "आप्पा, तुमच्या कंपनीचं काम आमच्या ऑफिसात आलंय. मला त्यातून बाजूला ठेवलंय."

फत्तेसिंगराव टॉवेलनं डोकं पुसत होते. "अय्यो. मग तू सोडतेस काय तिथलं?"

"सोडू?"

"नको. मिळालंय ते धर." थोड्या वेळानं ते जवळ येऊन बसले. "एक सांग गं. त्या दिवशी गेटवर मी सही केली होती. सेक्युरिटीवाल्यानं आत सोडलं, मग अर्ध्या तासानं परत बाहेर काढलं. त्या वहीचा कोर्टात काही उपयोग होतो काय?"

याचं उत्तर दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही विद्यार्थ्यानं दिलं असतं. कंपनीला वही हजर करायला लावा असा कोर्टात अर्ज द्यायचा, बस. परीक्षेत तिनं हेच लिहिलं होतं.

"तुमच्या वकिलांना विचारा, आप्पा."

"ते फोन उचलत नाहीत. तू घरात आहेस म्हणून विचारलं."

"मला यात काही बोलता येत नाही."

"सरी," ते म्हणाले. सरी म्हणजे ठीक आहे. कन्नडमधला हा शब्द त्यांच्या घरात दिवसातून पन्नास वेळा यायचा. त्यांनी टीव्हीवर कन्नड बातम्या लावल्या. ती शेजारीच बसून राहिली. उठून आत जावं असंही तिला वाटलं नाही.

अर्ज कोणी दिलाच नाही. फत्तेसिंगरावांनी वकिलाला विचारलं की नाही, हे तिला ठाऊक नाही. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आठ महिन्यांनी निकाल लागला. भव्यानं तो मोबाइलवर वाचला. आपण हजर होतो हे दाखवणारा एकही कागद कामगारांना पुढे आणता आला नाही, असं त्यात होतं. दावा फेटाळला होता. तिनं मोबाइल खाली ठेवला आणि आईनं सांगितलेली कोथिंबीर निवडून दिली.

त्याच महिन्यात फर्मचं नेमणूकपत्र आलं. प्राणेश सरांनी तिला बोलावून सांगितलं, "बाकीच्यांचे गुण तुझ्यापेक्षा जास्त होते. पण तू स्वतःहून येऊन सांगितलंस. असा माणूस शिकवून तयार करता येत नाही." तिनं थँक यू म्हटलं. फत्तेसिंगरावांनी गोदामात पेढे वाटले.

अकरांपैकी सहा जण हायकोर्टात गेले. सहीसाठी कागद घेऊन ते घरीही आले होते. फत्तेसिंगरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं पाहुण्यांपुढे कॉफीचे पेले ठेवले. मग ते त्यांना म्हणाले, "मला नको. मुलगी तिथं नोकरीला आहे." ते गेल्यावर आईनं कॉफीचे पेले उचलले.

आता भव्याला तिथे दोन वर्षं होतील. दर सहा महिन्यांनी नवे विद्यार्थी येतात आणि पहिल्या दिवशी त्यांना तीच बसवून सांगते. फाइल उघडायच्या आधी पक्षकारांची सगळी नावं वाचा, कंपन्यांची जुनी नावंही वाचा. ओळखीचं कोणी निघालं तर लगेच येऊन सांगा.

परवा अमेय नावाच्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅम, असं खरंच कोणाचं झालंय?"

"झालंय."

"मग काय केलं?"

"फाइल दुसऱ्याला दिली," ती म्हणाली, आणि पुढची सूचना वाचू लागली.