इनेझबायचा शेवटचा प्रश्न

इनेझबायला राग यायला फारसं कारण लागत नसे, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पोरांनी प्रार्थना म्हणताना शब्द गिळले की ती चिडे, देवळात कोणी भिंतीला टेकून बसलं तरी चिडे, आणि प्रवचन लांबलं तर खुद्द पाद्रीबाबांनाही दारात दोन शब्द ऐकून घ्यावे लागत. लोक तिच्या रागाला हसत आणि तिनं केळी सुकवून केलेली सुकेळी खात. पण त्रेपन्न सालच्या मे महिन्यात ती जी चिडली, तेव्हा कोणाला हसू आलं नाही. आणि खरं सांगायचं तर तो राग आणखी थोडा जास्त असता तरी चाललं असतं.

पापडीपासून मैलभर आत, केळीच्या आणि पानवेलींच्या बागांमध्ये तिची वाडी होती. नवरा लवकर गेला. इनेझबायनं बाग राखली, एकुलत्या रुडॉल्फला वाढवलं, त्याचं लग्न केलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तरीही तीस वर्षं दर रविवारी देवळातली मिसाची प्रार्थना सुटली की वाडीतली पोरं तिच्या ओटीवर धर्मशिक्षणाला बसत. एका जुन्या पाद्रीबाबांनी तिला प्रश्न आणि उत्तरं तोंडी शिकवली होती, आणि एकदा तिच्या डोक्यात गेलेलं तिथून हलत नसे. पोरं ओरडून उत्तरं देत. शेवटचे दोन प्रश्न ती उभी राहून विचारी.

"येशू कोण?"

"खरा देव आणि खरा माणूस."

"त्याच्या हातात गेलेलं कोण काढून घेऊ शकतं?"

"कोणीच नाही."

हे उत्तर मोठ्यानं आलं नाही तर ती कोणाला घरी सोडत नसे. वाडीतल्या चाळिशीच्या आतल्या झाडून सगळ्या माणसांनी ते तिच्या ओटीवर ओरडून म्हटलेलं होतं. म्हणण्याचं काय, म्हणायला कोणाचं काही जात नाही.

त्या ओटीच्या पायरीवर कधीमधी सत्यवती बसलेली असे. ती मिठागराकडच्या वस्तीतली सुईण. धर्मानं हिंदू, पण बाळंतपणाला हिंदूच्या घरी जायची तशीच ख्रिस्ती घरी जायची, आणि त्या वाडीत तिच्या हातावर न आलेलं पोर शोधून सापडलं नसतं. एकदा एक मूल जन्मलं आणि बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडायच्या आत गेलं. त्यानंतर इनेझबायनं सत्यवतीला समोर बसवलं. जिवावर बेतलं असेल आणि पाद्री जवळ नसेल, तर कोणीही माणूस पाणी देऊ शकतो, असं तिला जुन्या पाद्रीबाबांनी शिकवलं होतं. कोणीही म्हणजे कोणीही. पाणी ओतता ओतता म्हणायचं ते एक वाक्य तिनं सत्यवतीकडून आठ दिवस घोकून घेतलं.

ते वाक्य वर्षभरातच कामाला आलं. देवळाचा कारभारी व्हॅलेरियन, त्याची बायको लुसी. तिचं पहिलं पोर काळंनिळं होऊन जन्माला आलं. इनेझबाय धावत पोचली तोवर सत्यवतीनं पाणी दिलेलंही होतं. पोर मात्र जगलं. जुन्या पाद्रीबाबांनी सत्यवतीला बोलावून ते वाक्य म्हणायला लावलं, आणि म्हणाले, बाप्तिस्मा झाला, तो दुसऱ्यांदा होत नाही. देवळात त्यांनी फक्त तेल लावलं, राहिलेल्या प्रार्थना म्हटल्या. पण लुसीला सासूची धास्ती होती. हिंदू सुईणीनं नातवाला पाणी घातलं हे कळलं तर म्हातारी घर डोक्यावर घेईल, म्हणून तिनं घरात सांगितलं की पाणी इनेझबायनं दिलं. इनेझबायचे पाय धरून तिनं गप्प राहण्याचं वचन घेतलं. पुढे पाद्रीबाबा वारले, सासूही वारली. पोराचं नाव जॉन. तो आता एकोणीस वर्षांचा झाला होता, मुंबईत सेमिनरीत होता, पाद्री व्हायला शिकत होता, आणि व्हॅलेरियन त्याचं नाव दिवसातून दहा वेळा घेत असे.

आता त्रेपन्न सालचं. इनेझबायच्या सुनेचे, मेरीचे, दिवस भरत आले होते, पण अजून तीन आठवडे होते. म्हणून इनेझबाय त्या सकाळी सुकेळ्यांची टोपली घेऊन बैलगाडीनं माणिकपूरला गेली. टोपली स्टेशनावर ओळखीच्या माणसाकडे देऊन दुपारी परत आली, तर अंगणात बायका उभ्या आणि कोणी तिच्याकडे बघेना. पोर जन्मलं होतं आणि गेलंही होतं. पाव तास जगलं. मेरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. सत्यवती कोपऱ्यात तांब्या जवळ घेऊन बसली होती.

"मी पानी दिलं, बाय," ती म्हणाली. "जित्ता व्हता तेव्हा दिलं."

इनेझबायनं तिला वाक्य म्हणायला लावलं. एकदा नाही, तीनदा. नंतर आयुष्यभर तिला याची लाज वाटली, की तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि स्वतःच्या नातवाच्या वेळी आपण त्या बाईला तीनदा विचारलं. पण एक शब्द चुकला नव्हता. इनेझबायनं डोळे पुसले आणि पांढरं कापड काढलं.

कारण तिथली रीतच अशी होती. बाप्तिस्मा झालेलं लहान मूल गेलं, तर त्याला देवदूताचा मान. पांढरे कपडे, डोक्यावर मोगऱ्याचा मुकुट, आणि देवळाची घंटा मयताची सावकाश नाही, सणाची वाजते. पोर थेट देवाकडे गेलं, रडायचं कशाला, असं त्यात असतं. आया रडतातच, पण त्या घंटेचा आधार असतो. आणि बाप्तिस्मा न झालेलं मूल? त्याला दफनभूमीच्या शेराच्या कुंपणाबाहेर, ओढ्याच्या अंगाला पुरत. घंटा नाही, क्रूस नाही, नाव नाही. दोन पावसाळ्यांत जागाही सापडत नसे. मेरी भिंतीकडे तोंड करून पडली होती ती नुसती पोर गेलं म्हणून नाही. पोर कुठे जाणार, हे कोणीतरी तिला ठाम सांगावं म्हणून ती थांबली होती.

देवळाचे मुख्य पाद्री, विगार फादर, प्रार्थनेच्या वार्षिक एकांतवासाला वांद्र्याला गेले होते, आजूबाजूच्या गावांतले पाद्रीही तिकडेच. यायला तीन दिवस. मे महिन्याच्या उन्हात पोराला तीन दिवस कोण ठेवणार? मागे कारभार व्हॅलेरियनकडे. दफनभूमीच्या फाटकाची किल्ली त्याच्या कमरेला, घंटेचा दोर त्याच्या ताब्यात. संध्याकाळी रुडॉल्फ निरोप मिळताच मुंबईच्या नोकरीवरून धावत आला, आणि लहानशी पेटी हातावर घेऊन तो, इनेझबाय आणि सगळी वाडी फाटकाशी आली. व्हॅलेरियन आडवा उभा होता. फाटकाला कुलूप होतं.

तो आवाज न चढवता बोलला, हे आणखी संतापजनक. म्हणाला, दुःखाची गोष्ट आहे, पण नियम आपण केलेले नाहीत. बाहेरच्या जागी खड्डा खणून ठेवलाय. सुईणीनं पाणी घातलं ते कानावर आलं, पण ती आपल्यातली नाही.

"हिंदू सुईणीनं डोक्यावर पाणी ओतलं," तो म्हणाला, "ती आंघोळ झाली, इनेझबाय. बाप्तिस्मा नाय झाला."

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते इनेझबायला त्या क्षणी कळलं. त्याला जागच्या जागी गप्प करायला तिच्याकडे एक वाक्य होतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलंही. गर्दीत मागे लुसी उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. एकोणीस वर्षांपूर्वी तिनं पाय धरले होते. इनेझबायनं ते वाक्य गिळलं. वचन ते वचन.

"व्हॅलेरियन," ती म्हणाली, "येशू देव हाय की नाय?"

"हा काय प्रश्न झाला?"

"उत्तर दे."

"हाय."

"मग त्यानं कोणाच्या हातून काम करून घ्यावं, ते तुला विचारून ठरवायचं काय? तांब्या सत्यवतीचा होता. बाप्तिस्मा त्याचा होता. आणि तो देव हाय, तर त्याच्या हातात गेलेलं पोर तू कुंपणाबाहेर काढणारा कोण?"

व्हॅलेरियननं मान हलवली. पोरांचं पाठांतर ओटीवर ठीक, म्हणाला, इथे रीत चालते. आणि तिच्यामागे उभी असलेली सगळी वाडी, जिनं ते पाठांतर केलं होतं, ती पायांकडे बघत राहिली. सत्यवतीच्या हातावर जन्मलेली धडधाकट माणसं ती. एकाच्याही तोंडातून ब्र निघाला नाही. कोणाला देवळातल्या मिरवणुकीत पुढे चालायचं होतं, कोणाची पोरगी लग्नाची होती आणि कारभाऱ्याशी वाकडं नको होतं. त्याच्या हातात गेलेलं कोण काढून घेऊ शकतं? कोणीच नाही म्हणे. इथे एका कुलपानं काढून घेतलं होतं, आणि शंभर माणसं बघत होती. इनेझबायला वाटलं, छडी आणावी आणि एकेकाला परत ओटीवर बसवावं.

व्हॅलेरियनला वाटलं, इनेझबायला एकदाचं सगळ्यांसमोर उघडं पाडावं. त्यानं सत्यवतीला पुढे बोलावलं. ती आली, हातावर अजून तेलाचे डाग होते. काय म्हणालीस ते सांग, तो म्हणाला. चुकेल अशी त्याची खात्री होती.

सत्यवतीनं डोळे मिटले. "जॉन, मी तुला बाप्तिस्मा देते. बापाच्या, आनि पुत्राच्या, आनि पवित्र आत्म्याच्या नावानं."

गर्दीत कोणीतरी क्रूसाची खूण केली. व्हॅलेरियनला नवी फट सापडली.

"जॉन कुठून आला? पोराचं नाव कोणी ठरवलं?"

"कोनी नाय, दादा," सत्यवती म्हणाली. बाळंतिणीच्या खोलीतलं ती कधी बाहेर बोलत नसे, पण विचारल्यावर खोटंही बोलत नसे. "मना तुमच्यातलं तेवढंच नाव येतं. मागं लुसीबायच्या पयल्या पोराला दिलं व्हतं. तो पन असाच निळा व्हता. तो जगला. म्हनून वाटलं, ह्यो पन जगंल."

व्हॅलेरियननं मागे वळून बायकोकडे पाहिलं. तिनं आता नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला असता, नाही म्हणावं असंच पुष्कळांना वाटतही होतं. लुसीनं दातातला पदर सोडला.

"हो," ती म्हणाली. "आपल्या जॉनला. इनेझबाय नंतर आली. पाद्रीबाबांनी परत पाणी घातलं नाय. गरज नाय म्हणाले."

सत्यवतीचं पाणी म्हणजे आंघोळ असेल, तर सेमिनरीत शिकणारा त्याचा मुलगा ख्रिस्तीच नव्हता, मग पाद्री कसला होतोय. आंघोळ म्हणावं तर मुलगा जातो, बाप्तिस्मा म्हणावं तर फाटक उघडावं लागतं. तो फार वेळ उभा राहिला नाही. त्यानं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि देवळाकडे माणूस पिटाळला. थोड्या वेळानं घंटा सुरू झाली, सणाची. घरात मेरीनं ती ऐकली आणि सकाळपासून पहिल्यांदा कूस बदलली, असं शेजारणीनं मागाहून सांगितलं.

लोकांना वाटलं, आता इनेझबायचा राग निवळेल. तो कशाला निवळतोय? ती फाटकातून आत जाताना व्हॅलेरियनपाशी थांबली.

"तुझ्या पोरासाठी उघडलंस," ती म्हणाली. "ह्या पोरासाठी उघडलं असतंस, तर आज मी तुला हात जोडले असते."

पेटी आत जाईपर्यंत त्यानं फाटक धरून ठेवलं.

वाडीतल्या तरुणांनी आत नवा खड्डा खणला. शेवटच्या प्रार्थना रुडॉल्फनं म्हटल्या. पेटी खाली गेली. आता घरच्यांनी मूठ मूठ माती टाकायची, मग वाडीनं. इनेझबायनं माती उचलली आणि तशीच उभी राहिली. तिनं चहूकडे पाहिलं. सत्यवती नव्हती. ती फाटकाबाहेर, त्या मोकळ्या खणलेल्या खड्ड्याजवळ, कुंपणाला लागून उभी होती. तिला आत ये म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"पहिली मूठ तिची," इनेझबाय म्हणाली. "ती येईपर्यंत कोणी माती टाकणार नाय."

दोघं-तिघं तरुण हाक मारायला निघाले. तिनं त्यांना हातानं थांबवलं आणि व्हॅलेरियनकडे पाहिलं. उजेड कमी होत होता, घंटा वाजत होती, माणसं चुळबुळत होती. शेवटी व्हॅलेरियन एकटा फाटकापर्यंत चालत गेला. तिथे तो सत्यवतीला काय म्हणाला ते कोणाला ऐकू आलं नाही. पण ती वळली, चपला फाटकाशी काढून आत आली, आणि तो तिच्या मागून आला.

सत्यवतीनं वाकून माती घेतली. टाकताना तिनं हळूच नाव घेतलं, तिला येत होतं तेवढंच. मग इनेझबायनं टाकली, मग रुडॉल्फनं. व्हॅलेरियन हातात माती धरून आपली पाळी येईपर्यंत रांगेत उभा होता.