एक्स-रेवाल्या भावजींचे स्कोन

आयरिश स्कोन नावाच्या, चहाबरोबर खायच्या बिचाऱ्या छोट्या पावाची जगात कोणी सर्वांत जास्त अब्रू घालवली असेल, तर ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या एक्स-रेवाल्या भावजींनी. हे मी शपथेवर सांगते. सौदीत राबिघला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये आम्ही नऊ वर्षं काढली. माझे मिस्टर फार्मसीत आणि भावजी एक्स-रे विभागात. भावजींची बायको आणि मुलगी चिपळूणला, हे इथे एकटे, आणि एकट्या माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कोणी पत्ते कुटतं, कोणी समुद्रावर गळ टाकून बसतं. यांना स्कोन लागले. कधीकाळी हॉस्पिटलात एक आयरिश मेट्रन होती. जाताना तिने आपल्या आजीची कृती यांना एक्स-रेच्या पाकिटावर लिहून दिली. मैदा, थंड लोणी, बेकिंग पावडर, थोडी साखर आणि ताक. ताकाच्या जागी इथलं लबान, म्हणजे आपलं घट्ट ताकच. इतकं सोपं! पण भावजींच्या ओव्हनमधून जे बाहेर यायचं, त्याने भिंतीत खिळा ठोकता आला असता.

दर शुक्रवारी सकाळी अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण. आमंत्रण कसलं, समन्सच. भावजी स्वतः ओव्हनसमोर स्टूल टाकून बसलेले. दार उघडण्याआधी हात वर करून नोकरीतल्या आवाजात म्हणायचे, "श्वास रोखा... हलू नका..." आणि आम्ही पाच-सहा शिकलेसवरलेले लोक खरंच श्वास रोखायचो! ट्रे बाहेर आला की "सोडा." मग प्रवचन. स्कोन सुरीने कापायचा नाही, हाताने उघडायचा. यांचा स्कोन उघडायला करवत लागली असती, ते सोडा. आधी लोणी, मग जॅम. चहात बुडवायचा तर मुळीच नाही. "वहिनी, बुडवलात? अहो, आयर्लंडात कोणी पाहिलं तर काय म्हणेल!" जसं काही यांचं आयर्लंडला दर आठवड्याला जाणं-येणं. माणूस मुंबई आणि जेद्दा सोडून तिसऱ्या विमानतळावर उतरलेला नाही. माझा मुलगा एकदा तोंडावर म्हणाला, "अंकल, नेक्स्ट टाइम केक बनाओ ना." भावजींनी दोन शुक्रवार त्याच्याशी अबोला धरला. आठ वर्षांच्या पोराशी!

मग ते निताकातचं सुरू झालं. एकेक जागा सौदी माणसांना द्यायची, असा हुकूम, आणि एका यादीत भावजींची जागा आली. दोन महिन्यांनी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत होता. तोवर नव्या सौदी तंत्रज्ञाला काम शिकवायचं, आणि मग खलास, फायनल एक्झिट. तिकडे मुलीचं डेंटलचं शेवटचं वर्ष बाकी. त्यांना एकच वर्ष हवं होतं. मुदीरने, म्हणजे हॉस्पिटलच्या डायरेक्टरने, खास पत्र दिलं तर ते मिळत होतं. दोघातिघांना मिळालंही होतं. आणि हा मुदीर डॉक्टरकी शिकला होता कुठे, तर डब्लिनला!

"वहिनी, त्याला स्कोन नेऊन देतो आणि एक वर्ष मागतो," भावजी म्हणाले.

"ते स्कोन? आहेत ते दोन महिनेही काढून घेईल तो."

बोलून गेले आणि माझं मलाच वाईट वाटलं. म्हटलं, उद्या सकाळी माझ्यासमोर करा, बघू काय ते.

तोवर आम्ही फक्त ट्रे बाहेर येताना पाहिलेला. आता आधीचं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. लोणी मैद्यात चोळलं, ठीक. लबान ओतलं, ठीक. आणि मग हा गृहस्थ परातीपुढे मांडी घालून पीठ मळायला बसला! पोळ्यांची कणीक तिंबावी तसं, रगडून रगडून, चांगली वीस मिनिटं. वर ओलं फडकं टाकून झाकूनसुद्धा ठेवलं.

"अहो, हे काय करताय?"

"आई सांगायची, मळून मुरू दिलं की मऊ होतं."

"आणि मेट्रनबाईंनी काय लिहिलंय?"

पाकिटावर खाली रेघ मारून लिहिलं होतं, मळू नये, नुसतं गोळा करावं. भावजी म्हणाले, "ते तिकडच्या बायकांना मळायचा कंटाळा, म्हणून."

मी लाटणं घेऊन शेजारी बसले. परातीत हात रेंगाळला की बोटांवर लाटणं. तिसऱ्या घाण्याला स्कोन असे फुलले की भावजी स्टुलावरून उठायचेच विसरले. मऊ, पिवळसर, हाताने उघडावेत असे. मीच तीन खाल्ले.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन मुदीरकडे गेले. दुपारी परत आले ते चेहरा नुसता फुललेला.

"चार खाल्ले, वहिनी! चार! डब्लिनला त्याची घरमालकीण करायची म्हणे. ती गेली तेव्हा याला जाता आलं नाही. डोळे पुसले हो त्याने. अर्धा तास बोलत होता."

"आणि वर्षाचं?"

भावजी डब्याचं झाकण लावत राहिले. "नाही विचारलं. इतका मोकळा बोलत होता, मधेच कामाचं कसं काढणार? त्याला वाटलं असतं, हा त्याचसाठी आला होता."

"त्याचसाठी गेला होतात!" मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरची केरळची नर्स वर आली. बावळट म्हटलं, नेभळट म्हटलं, तोंडाला येईल ते म्हटलं. उद्या परत जा, म्हटलं. "जातो की," म्हणाले. उद्या मुदीरची मीटिंग होती. परवा तो घाईत दिसला. मग रमजान आला, उपाशी माणसाला काय त्रास द्यायचा! असे दोन महिने गेले.

जेद्दाला जाणाऱ्या गाडीत सामान चढवताना मी शेवटचं विचारलं, "भावजी, एकदा विचारलं असतं तर काय गेलं असतं?"

"नाही म्हणावं लागलं असतं, तर त्याला फार वाईट वाटलं असतं, वहिनी."

महिन्याभराने मुदीर फार्मसीत आला आणि त्याने मिस्टरांना विचारलं, "तो स्कोनवाला कुठे गेला? जायचं नव्हतं तर मला सांगायचं. मी पत्र दिलं असतं." चिपळूणला तोवर घरामागची आंब्याची कलमं मुलीच्या शेवटच्या वर्षासाठी विकून झाली होती. मुदीरचं बोलणं मी भावजींना आजतागायत सांगितलेलं नाही. दिवाळीला त्यांचा फोन येतो, तेव्हा मी मुलीच्या दवाखान्याची चौकशी करते, आणि मग काहीतरी निमित्त काढून फोन मिस्टरांच्या हातात देते.