गालाच्या हाडावर बसवलेले दात

माझे धाकटे दीर आमच्या नाटक कंपनीत क्लॅरिनेट वाजवत. काय वाजवत! माझ्या प्रवेशाआधीच टाळी घेऊन जायचे मेले. म्हातारपणी वरचे सगळे दात गेले, कवळी आली. पण क्लॅरिनेटच्या तोंडावर वरचे दात टेकवावे लागतात. फुंकर मारली की कवळीच सुटायची. सहा वर्षं वाद्य पेटीत पडून होतं.

शेवटी मीच त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी स्कॅन पाहिला.

"काका, वरच्या जबड्याचं हाड झिजून पुठ्ठ्याएवढं उरलंय. दात बसवायचे साधे स्क्रू त्यात धरणार नाहीत."

"म्हणजे पडदा पडला?"

"छे! कमरेच्या हाडाचा तुकडा काढून इथे भरता येईल, पण वर्षभर थांबावं लागेल. नाहीतर लांब स्क्रू थेट गालाच्या हाडात बसवायचे. ते तुमचं भक्कम आहे. तात्पुरते दात दोन-तीन दिवसांत पक्के बसतील. मात्र स्क्रू सायनसच्या, नाकाशेजारच्या पोकळीजवळून जातात. मी सांगेपर्यंत फुंकायचं नाही."

"सहा वर्षं काढलीत ना भाऊजी," मी म्हटलं, "आता काही महिने काय जड?"

"वहिनी, तेव्हा आशा नव्हती. आता आहे, म्हणून जड."

गालाची वाट ठरली. ऑपरेशननंतर तोंड टम्म सुजलं. आरशात बघून म्हणाले, "राक्षसाचं काम द्या, मेकअपचा खर्च वाचेल!" मग चार महिने ते रोज संध्याकाळी पेटी उघडायचे आणि न फुंकता नुसती बोटं फिरवायचे. मला बघवत नसे.

कायमचे दात बसले त्या दिवशी बाईंनी परवानगी दिली. भाऊजींनी दवाखान्यातच क्लॅरिनेट ओठांना लावलं. फुस्स! सूर नाही, नुसती हवा. त्यांचा चेहरा पडला.

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. "पुढचे दोन दात लांब झालेत, वाद्याचं तोंड घसरतंय." त्यांनी चावा तपासायचा निळा कागद वाद्यावर ठेवला, दातांवर उमटलेली खूण पाहिली, केसभर घासलं. पुन्हा फुंकर. पुन्हा घासणं. तिसऱ्यांदा...

अहाहा! भरदार, गोल, थेट काळजात शिरणारा सूर! बाहेर थांबलेले पेशंट दारात गोळा झाले. मी खुर्चीतून ताडकन उठले.

"काका, आज पाचच मिनिटं हं," बाईंनी घड्याळ दाखवलं.

भाऊजींनी बोट वर करून त्यांना गप्प केलं आणि अंतरा घेतला.