ग्लोरियाला न्यायला कोण जाणार?

दया, सलाम.

फोनवर तू धड बोलत नाहीस. नुसतं ‘बरं, बरं’ करतेस आणि ‘बाई, जेवलात का?’ विचारून विषय बदलतेस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून लिहिते. तुझी नात बघता बघता मोठी होईल. तिच्या जन्माआधी तुम्ही काय घोळ घालून ठेवला होता, हे तिला कोणीतरी सांगायला हवं. तू सांगशील तर स्वतःला वगळून सांगशील. ग्लोरिया सांगायला बसली तर अर्ध्यात रडेल. राहता राहिले मी. पण ‘तू, तू’ म्हणत लिहायला लागले तर तुझा चेहरा समोर येतो आणि खरं बोलायला जड जातं. तेव्हा इथून पुढे तू म्हणजे ‘ती’. वाईट वाटून घेऊ नकोस.

तर ही दया नगरजवळ नागापूरला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायची. नवरा कृपादान एका कारखान्यावर वॉचमन होता. त्याला जाऊन बारा वर्षं झाली. दयाचं काम बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचं. सावेडीतल्या निम्म्या घरांतली पोरं तिच्या पायांवर न्हाली आहेत. पाटावर बसायची, पाय लांब सोडायची, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायची. कितीही किंचाळणारं पोर असो, तिसऱ्या तांब्याला गप्प. डॉक्टरांनी धुरी नको म्हटलं की त्या दिवसापासून बंद. ‘त्यांचं शिक्षण हाय, आपला नुसता हात हाय,’ म्हणायची.

तिच्या वागण्याचे काही नियम होते. ते तिला कोणी शिकवले होते देव जाणे. बाळंतीण जेवल्याशिवाय त्या घरचा चहा घ्यायचा नाही. बाळाला ‘गुटगुटीत’ म्हणायचं नाही, ‘बरं हाय’ म्हणायचं. सासू-सुनेची चकमक कानावर आली तर तांब्यातलं पाणी जरा जोरात ओतायचं, म्हणजे हिला काही ऐकू येत नाही असं त्यांना वाटावं. आणि चहाला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचा. सावेडीतल्या एका फटकळ म्हातारीनं (कोण ते तुला माहीत आहे) तिला पहिल्याच दिवशी बजावलं, ‘‘हे बघ, घेणार असशील तर एकदाच सांग. माझ्याकडे तीनदा विचारायला वेळ नाही.’’

दया हसली. ‘‘व्हय बाई,’’ म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनदा नको म्हणाली.

तिची चैन एकच. बाळ दुपट्यात गुंडाळून झोपलं की भिंतीला टेकून बसायचं आणि चहात खारी बुडवून खायची. खारी मोडून कपात पडायच्या आत तोंडात गेली पाहिजे, याची एक वेळ असते आणि ती दयाला बरोबर साधायची. तेवढी पाच मिनिटं तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालायचं नाही. बाकी दिवसभर तिला काहीही चालायचं.

तिला स्वतःचं मूल झालं नाही. धाकटी बहीण सुवार्ता जामखेडला दिलेली, नवरा बेंजामिन प्राथमिक शाळेत मास्तर. सुवार्ता बाळंतपणानंतर चार महिन्यांत काविळीनं गेली. बेंजामिनच्या घरात एक पोर आणि शाळेत साठ. त्यानं ग्लोरियाला आणून दयाच्या मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, ‘‘जरा मोठी होईपर्यंत.’’

पोर मोठी झाली. शाळेत गेली, कॉलेजात गेली, फार्मसी शिकली, आणि मोठी होईपर्यंतची मुदत काही संपली नाही. दोन वर्षांनी बेंजामिननं मार्थाशी लग्न केलं. सावत्र आई म्हटलं की लोक कान टवकारतात. पण मार्था सरळ बाई होती. ती पहिल्याच नाताळला आली, पोरीसाठी फ्रॉक आणला आणि दयाला म्हणाली, ‘‘तुमी म्हणाल तवा घेऊन जाते. तुमी न्हाई म्हणाल तर न्हाई.’’ दया म्हणाली, ‘‘तुमचीच हाय, तुमी म्हणाल तसं.’’ आणि हे जे ‘तुमी म्हणाल तसं’ सुरू झालं, ते सत्तावीस वर्षं चाललं.

दयानंच पोरीला शिकवलं: मला मावशी म्हणायचं, मार्थाला मम्मी म्हणायचं. आई ती, जी गेली. तिची जागा कोणी घ्यायची नाही.

ग्लोरियाचं लग्न नगरच्या चर्चमध्ये झालं. पहिल्या बाकावर मुलीच्या आईची जागा ठेवलेली. दया म्हणाली, ‘‘मार्थाबाई, बसा.’’ मार्था म्हणाली, ‘‘छे छे, वाढवलं कोणी? तुमी बसा.’’ पाळकसाहेब वर उभे, गाणं सुरू झालेलं, आणि या दोघी मधल्या वाटेत एकमेकींचा दंड धरून उभ्या. तेवढ्यात नवऱ्याची श्रीरामपूरची आत्या आली, तिचे पाय दुखत होते, ती बसली. ग्लोरियाच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत आईच्या जागी ती आत्या आहे, हातात पाण्याची बाटली घेऊन.

लोक हसले. या दोघीही हसल्या. ग्लोरिया हसली नाही, पण नवरीकडे त्या वेळी कोण बघतं?

ग्लोरियाला राहुरीला दिली. नवरा अमृत भला मुलगा, सासूही समंजस. वर्षभरात दिवस राहिले आणि खरी पंचाईत झाली.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात माहेरच्यांनी जायचं, सासूला साडी द्यायची, मुलीला घेऊन यायचं. मुलीनं आपण होऊन निघायचं नाही आणि सासरच्यांनी आणून सोडायची नाही. आणून सोडली म्हणजे तिला माहेरी विचारणारं कोणी नाही, असा त्याचा अर्थ होतो.

दयानं तयारी तर केव्हाच केली होती. जुन्या सुती साड्या धुऊन धुऊन मऊ केल्या, दुपटी शिवली. डिंक, खारीक, हळीव डब्यांत भरले. कोपऱ्यातला पाट घासून ठेवला. फक्त गेली नाही. राहुरी नागापूरपासून तासाच्या आत, गाडी दारासमोरच्या रस्त्यावरून जाते. पण ती गेली नाही. पहिला मान बापाच्या घराचा. जामखेडचे लोक जातील. ते नाही गेले तर मग आपण.

तिकडे जामखेडला मार्थानं आतली खोली रिकामी करून तिला रंग दिला, खाट दुरुस्त करून घेतली, आणि तीही वाट बघत बसली. पहिला मान वाढवणारीचा. दयाताई नेतील. त्यांनी नाही नेलं तर मग आपण.

सातवा गेला. आठवा लागला. फोन रोज व्हायचे. ‘‘जेवलीस का? पाय सुजलेत का? लोणचं नको खाऊस.’’ मुद्द्याचं कोणी बोलायचं नाही. राहुरीत ग्लोरियाची बॅग भरून दाराशी ठेवलेली. शेजारणी विचारायला लागल्या, ‘‘काय गं, माहेर कुठं हरवलं की काय?’’ सासू काही बोलायची नाही, पण बॅगेवरची धूळ रोज पुसायची.

त्या महिन्यात दया सावेडीच्या म्हातारीच्या नातवाला न्हाऊ घालत होती. म्हातारीनं विचारलं, ‘‘तुझी पोर कधी येतेय?’’

‘‘तिचे वडील आणतील की.’’

‘‘मास्तर? त्यांना काय कळतं बाळंतपणातलं? तू जा.’’

‘‘तसं कसं बाई? त्यांना वाटंल, हक्क सांगती.’’

‘‘मग फोन करून विचार.’’

‘‘विचारायचं कसं? विचारलं की त्यांना न्हाई म्हणता येणार न्हाई.’’

‘‘दया, तू वेडी आहेस.’’

‘‘व्हय बाई,’’ म्हणाली आणि बाळाच्या पाठीवर जोरात पाणी ओतलं.

मान-बिन सगळं ठीक आहे. पण खरं सांगायचं तर दया घाबरली होती. जन्मभर तिनं या पोरीवर हक्क असा कधी सांगितलाच नव्हता. आता न्यायला गेली आणि कोणी म्हणालं, ‘तुम्ही कोण? मावशी ना?’ तर पुढे बोलायला तिच्याकडे काय होतं? न विचारता एकोणतीस वर्षं पोर आपली राहिली होती. विचारलं आणि ‘नाही’ आलं, तर मागची वर्षंसुद्धा गेली. म्हणून ती मान पुढे करत होती आणि स्वतः मागे उभी राहत होती.

एका रविवारी उपासनेहून येऊन दया भाकरी थापायला बसली होती. दारात रिक्षा थांबली. ग्लोरिया उतरली. आठवा महिना, एका हातात बॅग, दुसरा कमरेवर. राहुरीहून एसटीनं आलेली. अमृत कारखान्यात ड्युटीवर, सासू प्रार्थनेला. कोणाला न सांगता, चिठ्ठी लिहून निघालेली.

‘‘एकटी आलीस?’’ दयाच्या हातातलं पीठ तसंच.

‘‘कोणी न्यायला येईना, म्हणून आले. परत पाठवायची असेल तर आत्ताच सांग. रिक्षावाल्याला थांबवलंय.’’

‘‘असं काय बोलतीस? मी म्हटलं, तुझ्या वडलांचा मान—’’

‘‘मान!’’ ग्लोरियानं बॅग खाली आपटली. ‘‘मावशी, बसमध्ये चढताना दोन बायकांनी ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ केलं ना, तर गाडी निघून जाते. लग्नात तेच केलंत. आता हे. तुम्हाला दोघींना मी नकोय का? एकीनं तरी ओढून न्यावं ना मला! एकदा तरी भांडा ना माझ्यावरून!’’

दया उभी राहिली. सावेडीतल्या घराघरांत इतकी वर्षं रडणाऱ्या बाळंतिणींना समजावलेली बाई ती. पदराला पीठ पुसून म्हणाली, ‘‘आधी पाय धू. चूल पेटलीय. गरम भाकरी खा.’’

मग बाहेर जाऊन रिक्षावाल्याला तिनं दोन्ही हातांनी हाकललं, जसं अंगणातलं कुत्रं हाकलतात.

भाकरी खाऊन होताच ग्लोरियानं फोन लावून तिच्या हातात दिला. ‘‘मम्मीला सांग. आत्ता. माझ्यासमोर.’’

‘‘मार्थाबाई, सलाम,’’ दया म्हणाली. ‘‘पोर इथं आलीय.’’

तिकडून मार्था, ‘‘आली? आन मी इथं खोलीला रंग देऊन बसलीय!’’

‘‘मला काय म्हाईत? मला वाटलं, तुमी—’’

‘‘मला वाटलं, तुमी!’’ तिकडून मार्था.

‘‘आता मी काय करू या रंगाचं?’’ तिचाच रडवेला आवाज.

ग्लोरियानं फोन ओढून घेतला. ‘‘मम्मी, रंग राहू दे तिथंच. खाट घेऊन इकडे ये.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. त्यात खाट, गादी, तुपाचा डबा, दोन कोंबड्या आणि खाटेवर बसलेली मार्था, टेम्पोच्या दांड्याला घट्ट धरून. त्याआधी सकाळीच दया राहुरीला जाऊन आली होती. ग्लोरियाच्या सासूला साडी दिली, माफी मागितली आणि उलट्या क्रमानं का होईना, रीत पुरी केली. सासू म्हणाली, ‘‘मी तर रोज रस्त्याकडं बघत होते. दोघींपैकी कुणीही आलं असतं तर चाललं असतं.’’

मुलगी झाली, नगरच्याच एका दवाखान्यात. घरी आणली, नाळ पडली आणि पहिल्या आंघोळीचा दिवस आला. पाणी तापलं, पाट मांडला. दयानं बाळ उचललं आणि सवयीनं मागे वळली. ‘‘मार्थाबाई, आधी तुमी—’’

‘‘मावशी!’’ खाटेवरून एवढंच आलं.

दया पाटावर बसली. पाय लांब सोडले. पोर तिसऱ्या तांब्यालाही गप्प झाली नाही, पाचव्याला झाली. आणि ज्या बाईनं आयुष्यात कुठल्या बाळाला गुटगुटीत म्हटलं नव्हतं ती म्हणाली, ‘‘बघा तरी, कशी लोण्याचा गोळा हाय!’’

पुढचे चाळीस दिवस त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. मार्था रांधायची, दया न्हाऊ घालायची. बेंजामिन मास्तर रविवारी भाजीची पिशवी घेऊन यायचे आणि आत जागा नाही म्हणून दाराबाहेर स्टुलावर बसून पेपर वाचायचे. सकाळी बाळ झोपलं की तिघी भिंतीला टेकून ओळीनं बसायच्या. मार्थाची खारी रोज मोडून कपात पडायची. दया रोज तिला दाखवायची, किती वेळ बुडवायची ते. तिची ती पाच मिनिटं गेली ती गेलीच. पण तक्रार कधी ऐकली नाही. उलट सावेडीला आली की न विचारता सांगायची, ‘‘लई दिलं बाई देवानं. लई दिलं.’’

मार्था जामखेडला परत गेली ती अचानक. मास्तर पायरीवरून घसरल्याचा निरोप आला आणि दुपारच्या गाडीनं ती निघाली. दया तेव्हा कामावर होती. मार्थासाठी घेतलेली मोतिया रंगाची साडी तशीच राहिली. ती पिशवीत घालून दया सावेडीला म्हातारीकडे आली.

‘‘बाई, तुमी संगं चला जामखेडला. साडी द्यायची हाय आन एक बोलायचं हाय.’’

‘‘काय बोलायचं आहे?’’

‘‘पोर कागदावर त्यांची हुती. सत्तावीस वर्षांत एकदा बी मागितली न्हाई त्यांनी. माझ्याकडं ऱ्हाऊ दिली. ते सांगायचं हाय.’’

‘‘मग फोनवर सांग की.’’

‘‘हे काय फोनवर सांगायचं असतं व्हय? जाऊन, समोर बसून सांगायचं. माझी जीभ आडली तर तुमी बोला.’’

म्हातारी चहा न विचारताच आणायला उठली. दयानं या वेळी एकदाही नको न म्हणता घेतला. मंगळवार ठरला. त्या मंगळवारी म्हातारीच्या नातवाला ताप आला. पुढे म्हातारीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मग ग्लोरियाची रजा संपली, ती राहुरीला कामावर जायला लागली आणि बाळाला सांभाळायला दया तिकडे गेली. साडी म्हातारीच्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. जामखेडची गाडी माळीवाडा स्टँडवरून रोज सुटते. दोघींचं जाणं तेवढं राहिलं.