हात भायेर

“हात!” असं तो ओरडायचा, आणि समोरून “भायेर!”, म्हणजे बाहेर, असं उत्तर आल्याशिवाय आमच्या दुकानाचं शटर खाली येत नसे. त्या शटरची स्प्रिंग कधीच तुटली होती. अर्ध्यावर आणलं की ते सुटायचं आणि दणकन आदळायचं. म्हणून दोघांनी दोन बाजूंनी धरायचं आणि एकमेकांना विचारून सोडायचं. पहिल्या संध्याकाळी मी उत्तर दिलं नाही, नुसती मान हलवली. त्यानं शटर एका खांद्यावर तोललं आणि मोकळ्या हातानं माझ्या कानाखाली अशी लावली की समोरचा एस.टी. स्टँड मला दोन दिसला.

“तोंड हाय न तुमाले, मास्तर? मंग बोला न!”

मारतानाही ‘तुमी’ सोडलं नाही, हे मला घरी पोचल्यावर आठवलं.

मी मास्तर होतो हे खरं. मानोऱ्याकडच्या एका शाळेत तासिकांवर शिकवायचो. त्या तासिका बंद झाल्या तेव्हा वाशीमला याच्या दुकानात लागलो. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. वयानं तो मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणायचो. अंगानं आडदांड, आणि पंजा असा की माउस त्यात दिसत नसे. शटरवर डाव्या अंगाला एक खड्डा आहे, तो त्याच्या बुक्कीचा.

तुमच्याही गल्लीत एखादा असेल, आधी हात उचलणारा आणि मग विचारणारा. हा तसा नव्हता, हा आधी सांगायचा. “एकदाच सांगतो,” म्हणून उजवी बाही वर सरकवायचा. बाही कोपरापर्यंत गेली की बोलणं संपलं. एका मोटारसायकलवाल्यानं भाजीवालीच्या पायावरून चाक नेलं आणि वर तिलाच शिव्या दिल्या. भाईनं बाही सरकवली, माफी माग म्हणाला. तो हसला. मग भाईनं त्याचं तोंड त्याच्याच टाकीवर आपटलं आणि दोन दात रस्त्यावर पडले. भाजीवाली दातांकडे बघून रडायला लागली. मला मारकुटी माणसं आवडत नाहीत. हा आवडायचा, आणि त्याबद्दल मला अजूनही माझाच राग येतो.

या माणसानं एक प्रोग्राम लिहिला होता. गिऱ्हाइकांच्या फोटोंनी दुकानातला संगणक भरून जायचा, एकच फोटो दहा ठिकाणी. म्हणून एकसारख्या फाइली शोधून जास्तीच्या पुसणारा एक प्रोग्राम त्यानं तयार केला. ना चित्रं, ना बटणं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, की तो कामाला लागायचा. सगळा कोड त्यानं इंटरनेटवर फुकट उघडा करून ठेवला. कुठल्या कुठल्या देशांतले लोक तो वापरायचे, सुधारणा पाठवायचे. वाशीमात मात्र त्याला लोक दात पाडणारा म्हणूनच ओळखत.

आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर असतो, तो काम करता करता इशारे देतो. इथं गडबड दिसते, बघून घ्या. चूक असली तर तो थांबतो, पण नुसता इशारा असला तर थांबत नाही. प्रोग्राम तयार होतो आणि चालतोही. म्हणून भलेभले ते इशारे वाचत नाहीत. भाईला पडद्यावर इशाऱ्याची एक ओळ दिसली की टेबलावर बुक्की बसायची आणि चहाचे कप उडायचे. ती ओळ जाईपर्यंत तो जेवत नसे. दोन कीबोर्ड त्यानं गुडघ्यावर मोडलेले मी स्वतः झाडून काढले आहेत.

एकदा परदेशातल्या कुणीतरी मोठी सुधारणा पाठवली. एका वेळी एकच फाइल तपासण्याऐवजी प्रोग्रामचेच आठ भाग, त्यांना कामकरी म्हणतात, एकदम सोडायचे, सगळे समांतर. वेग असा की मी खुर्चीतून उठलो. भाई उठला नाही. त्या पठ्ठ्यानं कोडमध्ये एक ओळ घालून कंपायलरचे इशारेच बंद केले होते. भाईनं ती ओळ काढली आणि पडदा इशाऱ्यांनी भरला.

“पाह्यलं का, मास्तर? हा कामकरी म्हनते ते फोटू जास्तीचं, तो म्हनते हे जास्तीचं. दोघंबी एकदमच पुसून राह्यले. कोनी कोनाले इचारतच नाही! मंग उरलं काय? लोकाईच्या मेलेल्या मायचे फोटू राह्यतात त्याच्यात!”

त्यानं हे कळवलं. उत्तर आलं की इशारेच आहेत ते, प्रोग्राम तर चालतो ना! भाईनं स्टुलाला लाथ घातली, स्टूल भिंतीवर फुटलं. मग मला पत्र सांगायला लागला, कारण इंग्रजी माझ्याकडे होतं.

“लिवा, ज्यानं इशाऱ्याचं तोंड दाबलं त्याच्या घरी यून टांगा तोडीन.”

आपल्या परिश्रमांबद्दल आम्ही आभारी आहोत, असं मी लिहिलं.

“लिवलं का टांगा?”

“लिहिलं, भाई.”

नंतर त्यानं स्वतः बसून ते समांतर काम नीट केलं. फाइल पुसण्याआधी प्रत्येक कामकऱ्यानं बाकीच्यांना विचारायचं, उत्तर आलं तरच पुसायचं. कोडमध्ये त्या विचारण्याचं नाव त्यानं ‘हात’ ठेवलं आणि उत्तराचं ‘भायेर’. हे शब्द कोणत्या भाषेतले, असं परदेशातून कुणीतरी विचारलं. भाई म्हणाला, “सांगा, आरागिरनीतले.”

तेव्हा मला कळलं. त्याचे अब्बा लाकडाच्या आरागिरणीत होते, आणि शाळा सुटली की हाही तिथंच. पात्याच्या अलीकडे एक माणूस ओंडका ढकलणार, पलीकडे दुसरा ओढणार. मध्ये भुसा उडतो, एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून ढकलणारा ओरडायचा “हात!” आणि ओढणाऱ्यानं “भायेर!” म्हटलं तरच ढकलायचं. एक दिवस माल घाईचा होता. मुकादम म्हणाला, बोंबलत बसू नका, माल काढा. त्या दिवशी ढकलणारा भाई होता. पलीकडून आधी अब्बांची किंकाळी आली, आणि मग भुसा लाल व्हायला लागला. अब्बांचा पंजा भाईनंच उचलला, भुशातून. “गरम होता, मास्तर,” एवढंच बोलला आणि बाहेर जाऊन शटरवर ती बुक्की मारली.

आणि त्याच आरागिरणीत आता त्याचा धाकटा भाऊ होता. घर त्याच्याच रोजीवर चालायचं, कारण आमच्या दुकानात दम नव्हता. गिरणीत नवीन यंत्र आलं होतं. हात पात्याजवळ गेला की ते भोंगा वाजवायचं आणि आपोआप थांबायचं. पण ते भुशानंही थांबायचं, म्हणून मुकादमानं यंत्राच्या डोळ्यावर, म्हणजे हात ओळखणाऱ्या सेन्सरवर, काळी पट्टी चिकटवली. धाकटा हे दुकानात हसत सांगत होता, “आता बोंबलत नाही ते.” मी भाईकडे पाहिलं. तो धाकट्याच्या हातांकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी तो गिरणीच्या मालकापुढे उभा राहिला, मी मागं. “एकदाच सांगतो. पट्टी काढा.”

मालक म्हणाला, “मशीन चालते न? मंग?”

भाईची बाही वर गेली. पण मालकाला हात न लावता तो परत फिरला, आणि पुढच्या सकाळी घण घेऊन गेला. मी धावत पोचलो तोवर त्यानं यंत्राचा डबा फोडला होता, ठिणग्या उडत होत्या, पातं सुटून भिंतीत घुसलं होतं. तो घण घालत होता आणि प्रत्येक घावाला ओरडत होता, “हात! हात!”

पहिला पुढं आला तो धाकटा. “मेरी रोजी खा गया तू!” म्हणून त्यानं भाईच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा, मग तिसरा. मी ज्याला अख्ख्या चौकाला भिडताना पाहिलं, त्यानं घण खाली टाकला आणि मार खात उभा राहिला. नाकातून रक्त वाहत होतं आणि तो भावाच्या मुठी पाहत होता. मग गिरणीतले बाकीचे कामगार फळ्या घेऊन आले. एक फळी मागून डोक्यात बसली. त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं, एकदाही नाही. अकोल्याला नेता नेता तो गेला. मी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि धाकटा गाडीच्या पत्र्यावर डोकं आपटत होता.

फळी कुणाची ते कोर्टात चाललं आहे. प्रोग्राम आता ते दूरचे लोक सांभाळतात. कंपायलरनं इशारा दिला की माझ्याकडे पत्र येतं, आणि आता टांगा तोडण्याची भाषा कुणी करत नाही. ‘हात’ आणि ‘भायेर’ मात्र अजून तसेच आहेत.

गिरणी परत सुरू झाली. धाकटा परत तिथं गेला नाही, तो दुकानात येतो. गिऱ्हाइकांचे फोटो काढतो. संध्याकाळी शटर आम्ही दोघं धरतो. खड्ड्याच्या बाजूला तो उभा राहतो.

“हात!” मी म्हणतो.

तो आधी शटर खांद्यावर घेतो, दोन्ही पंजे समोर धरून पाहतो, सगळी बोटं जागच्या जागी. शटर जड आहे, माझा खांदा भरून येतो, पण मी घाई करत नाही.

“भायेर,” तो म्हणतो, आणि मग आम्ही सोडतो.