आत्याचं लोणचं आणि सासूबाईंचं उत्तर

शोभाआत्या नसती, तर मी अमरावतीच्या कॉलेजात गेलोच नसतो. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. आता मी जाहिराती लिहितो. काल ऑफिसात मसाल्याचं नवं पाकीट फोडलं, मोहरी-हिंगाचा वास आला आणि मला अकोल्याचं बचत गटांचं प्रदर्शन आठवलं.

आत्यानं तिथं लिंबाचं लोणचं मांडलं होतं. ते खपलं तरच माझ्या होस्टेलची सोय होणार होती. मी सुंदर अक्षरात पाटी लिहिली होती, ‘शुद्ध, सात्त्विक, आरोग्यदायी’. लोक ती वाचत आणि पुढं जात.

दुपारी आत्या उठली आणि शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाईंकडं, म्हणजे आमच्या आजींकडं, बोट दाखवून ओरडली, “माह्या हातचं काईच या सासूबाईनं कधी चांगलं नाही म्हटलं बावा! हे लोनचं चाखलं अन् पयल्यांदा गप बसल्या!”

सासूबाईंनी पदर सावरला. “तोंड भरलं होतं व! चांगलं कुठी म्हटलं मी?”

लोक हसत थांबले, चाखू लागले. संध्याकाळी टेबलावर बरण्यांच्या तेलाची वर्तुळं तेवढी उरली.

तेव्हा वाटलं, नशीब उघडलं. आता कळतं, त्या दोघी स्वतःवरच हसल्या आणि गिऱ्हाइकाला त्या हसण्यात बसायला जागा दिली.

आज आत्याला पत्र टाकलं :

“आत्या, नव्या जाहिरातीत सुनेच्या तोंडी तुझं वाक्य घातलंय, सासूच्या तोंडी आजींचं. साहेब पोट धरून हसले. आजींना विचार, आता तोंड रिकामं आहे, तर लोणचं चांगलं होतं की नाही?”